नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवरील किरकोळ दोष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर काय करायचे याविषयी कोणालाच शंका नसते. तो परत करायचा. खरी अडचण होते ती लॅपटॉप उत्तम चालत असताना स्क्रीनवर मोहरीहूनही बारीक ठिपका, कोपऱ्यात थोडासा उजेड किंवा फिकट डाग दिसतो तेव्हा. तक्रार करावी तर बाब क्षुल्लक वाटते आणि सोडून द्यावे तर नजर नेमकी तिकडेच जाते. अशा दोषांविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी प्रश्न १ आणि प्रश्न ९ आधी वाचावेत, कारण अशा प्रकरणांत ठिपक्याच्या आकारापेक्षा खरेदीची तारीख अधिक महत्त्वाची ठरते.

१. नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक बारीक ठिपका दिसतो आहे. सर्वांत आधी काय करू?

आधी स्क्रीन पुसावी. हे उत्तर वाचून काहींना हसू येईल, परंतु डेड पिक्सेल (स्क्रीनवरचे चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते त्यांपैकी बंद पडलेला ठिपका) म्हणून सांगितले जाणारे बरेच ठिपके हे वाळलेला थेंब किंवा चिकटलेला धूलिकण असतात. लॅपटॉप बंद करावा, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसावे आणि डाग निघत नसेल तर कापडाचे टोक शुद्ध पाण्याने किंचित ओलसर करावे. पाणी थेट स्क्रीनवर फवारू नये आणि खिडक्यांच्या काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण वापरू नये, कारण त्याने स्क्रीनवरील चकाकीरोधक थर खराब होऊ शकतो. स्क्रीनवर कारखान्यातील पातळ संरक्षक फिल्म अजून चिकटलेली असल्यास ती काढून पुन्हा पाहावे.

ठिपका तरीही राहिला, तर बिल काढून विक्रेत्याकडे वस्तू परत देण्याची शेवटची तारीख कोणती आहे ते पाहावे आणि कागदावर लिहून ठेवावी. पुढचे सर्व निर्णय त्या तारखेच्या आत घ्यायचे आहेत. ठिपका नखाने किंवा पेनाने दाबून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. त्याची कारणे प्रश्न १२ मध्ये दिली आहेत.

२. डेड पिक्सेल आणि स्टक पिक्सेल यांत नेमका फरक काय?

स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उपपिक्सेलांचा बनलेला असतो. १९२० × १०८० क्षमतेच्या स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजेच ६२,२०,८०० उपपिक्सेल असतात आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. एखाद्या पिक्सेलला वीजच पोहोचत नसेल, तर तो आजच्या बहुतेक लॅपटॉपमधील आयपीएस या एलसीडी प्रकारच्या पॅनेलवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागावर, कायम काळा दिसतो. त्याला डेड पिक्सेल म्हणतात. एखादा उपपिक्सेल सतत चालू राहिला, तर काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरवा किंवा निळा ठिपका चमकतो. तो स्टक पिक्सेल होय. तिन्ही उपपिक्सेल चालूच राहिले, तर ठिपका पांढरा दिसतो आणि त्याला हॉट पिक्सेल असेही म्हणतात. जुन्या धाटणीच्या टीएन प्रकारच्या एलसीडी पॅनेलची रचना उलट असते. तेथे वीज न मिळालेला पिक्सेल प्रकाश अडवत नाही, त्यामुळे तो काळा न दिसता उजळ दिसतो.

आकारावरूनही बरेच कळते. १५.६ इंची, १९२० × १०८० क्षमतेच्या स्क्रीनवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.१८ मिलिमीटर असते. तुमचा ठिपका अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, गोलसर आणि धूसर कडांचा असेल, तर तो एकट्या पिक्सेलचा दोष नव्हे. आत अडकलेली धूळ किंवा दाबाचा डाग असण्याची शक्यता अधिक आहे (प्रश्न ६ पाहा).

३. दोष स्क्रीनचाच आहे की सॉफ्टवेअरचा, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

दोष दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर उघडावा. स्क्रीनशॉट ही संगणकाने स्क्रीनकडे पाठवलेल्या चित्राची नोंद असते. पॅनेलवर प्रत्यक्ष काय दिसले हे तिला माहीत नसते. त्यामुळे डाग दुसरीकडेही दिसला तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा ग्राफिक्सचा आणि दिसला नाही तर तो पॅनेलचा किंवा पॅनेलला जोडणाऱ्या केबलचा, असे समजायला हरकत नाही. बाहेरचा मॉनिटर जोडूनही हीच खात्री करता येते. रेघा किंवा लुकलुक असेल, तर लॅपटॉप सुरू होताना बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या, पानावर जाऊन पाहावे. तेथे विंडोजचा डिस्प्ले ड्रायव्हर (स्क्रीनवरील चित्र हाताळणारा प्रोग्राम) काम करत नसल्यामुळे तेथेही दिसणारा दोष हार्डवेअरचाच असतो. विंडोज चालू असताना लुकलुक होत असेल, तर टास्क मॅनेजर उघडावा. त्याच्यासकट सारे लुकलुकत असेल तर संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर घ्यावा आणि तो एकटा स्थिर राहत असेल तर एखाद्या ॲपवर घ्यावा.

संपूर्ण स्क्रीन पिवळसर दिसते, ही तक्रार बहुतेक वेळा रात्री स्क्रीन पिवळसर करणारे नाइट लाइट किंवा नाइट शिफ्ट हे सेटिंग चालू राहिल्यामुळे येते. गडद चित्र आले की ब्राइटनेस आपोआप बदलतो, ही तक्रार वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे येते. हे दोष नव्हेत.

४. संपूर्ण स्क्रीन तपासण्याची योग्य पद्धत कोणती?

काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि मध्यम करडा अशा सहा एकरंगी प्रतिमा तयार करून त्या एकामागून एक पूर्ण स्क्रीनवर लावाव्यात. डेड पिक्सेल पांढऱ्या प्रतिमेवर आणि स्टक पिक्सेल काळ्या प्रतिमेवर सर्वांत स्पष्ट दिसतो. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रतिमांवरून नेमका कोणता उपपिक्सेल बिघडला आहे ते कळते. करड्या प्रतिमेवर डाग, पट्टे आणि असमान उजळपणा उघडा पडतो. रिझोल्यूशन स्क्रीनच्या मूळ क्षमतेइतके असावे आणि डोळे नेहमीच्या अंतरावर असावेत.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. बंद खोलीत, पूर्ण ब्राइटनेसवर, भिंग घेऊन अर्धा तास शोधले तर जवळजवळ प्रत्येक स्क्रीनमध्ये काहीतरी सापडते. तपासणी एकदा आणि नीट करावी, तीही पहिल्या दोन-तीन दिवसांत. रोज रात्री करू नये.

५. अंधारात चित्रपट पाहताना कोपऱ्यांतून उजेड झिरपताना दिसतो. हा दोष आहे का?

एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. त्याच्या मागे बॅकलाइट सतत चालू असतो आणि द्रवस्फटिकांचा थर तो हवा तेथे अडवतो. हे अडवणे कधीच शंभर टक्के होत नाही, म्हणून काळा रंग अंधारात किंचित करडा दिसणे स्वाभाविक आहे. त्यापलीकडे जे दिसते त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

पहिला प्रकार आयपीएस ग्लो. यात कोपऱ्यात पिवळसर किंवा निळसर झाक दिसते. डोके हलवले किंवा मागे सरकून बसले की ती जागा बदलते किंवा कमी होते. ही आयपीएस तंत्राची प्रकृती आहे आणि बदलून आणलेल्या लॅपटॉपमध्येही ती असेलच. दुसरा प्रकार बॅकलाइट ब्लीड. यात चौकटीच्या कडेला ठरावीक ठिकाणी उजेडाची जीभ दिसते आणि पाहण्याचा कोन बदलला तरी ती तेथेच राहते. चौकटीचा दाब किंवा थरांची जुळणी असमान असल्यामुळे असे होते. अगदी थोडे ब्लीड कंपन्या दोष मानत नाहीत.

निर्णय घेताना एकच कसोटी लावावी : नेहमीच्या ब्राइटनेसवर आणि नेहमीच्या उजेडात काम करताना ते जाणवते का? जाणवत असेल तर तक्रार रास्त आहे. केवळ फोनच्या फोटोत दिसत असेल तर नाही, कारण अंधारात कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि मेणबत्तीएवढ्या उजेडाचा वणवा करून दाखवतो.

६. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक उजळ किंवा धुरकट डाग दिसतो, पण तो ठिपक्याएवढा लहान नाही. तो कशाचा?

आसपासच्या भागापेक्षा उजळ आणि कडा विरघळलेला डाग बहुधा दाबाचा असतो. पॅनेलमागील प्रकाश पसरवणाऱ्या थरांना कोठेतरी दाब बसला की तेथे उजेड अधिक येतो. कारखान्यातील जुळणीत, वाहतुकीत किंवा ठासून भरलेल्या पिशवीत असा दाब बसू शकतो. याउलट गडद, वेड्यावाकड्या आकाराचा आणि तिरक्या कोनातून पाहिल्यावर किंचित सरकल्यासारखा वाटणारा कण म्हणजे थरांमध्ये शिरलेली धूळ. दोन्ही बाहेरून पुसून जात नाहीत आणि नव्या लॅपटॉपमध्ये दोन्हींविषयी तक्रार करता येते. दाबाच्या डागाबाबत मात्र ती पहिल्या दिवशीच करावी, कारण दिवस जातील तसे हा दाब कोणी दिला, हा वाद अवघड होत जातो (प्रश्न १५ पाहा).

७. स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ आली आहे. तीही किरकोळ मानावी का?

नाही. पिक्सेलांच्या प्रत्येक ओळीला आणि स्तंभाला पॅनेलच्या कडेला बसवलेल्या चालक चिपकडून संकेत मिळतो. तेथील जोड निसटला की संपूर्ण रेघच बिघडते आणि एका रेघेच्या पुढे अनेक होतात, असा अनुभव सार्वत्रिक आहे. झाकण पुढे-मागे करताना रेघ येत-जात असेल, तर बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर संशय घ्यावा. रेघेच्या दोषाला पिक्सेलांची मोजणी लावली जात नाही. एकच रेघ असली तरी वॉरंटीत दाद मागावी. अशा लॅपटॉपवर कोणताही घरगुती उपाय करत बसू नये.

८. किती पिक्सेल खराब असले म्हणजे लॅपटॉप बदलून मिळतो?

सर्वांना लागू होईल असा एक आकडा नाही. आयएसओ १३४०६-२ या २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने पॅनेलांचे चार वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. ग्राहकोपयोगी स्क्रीनसाठी प्रचारात राहिलेल्या दुसऱ्या वर्गात दर १० लाख पिक्सेलांमागे २ कायम उजळ पिक्सेल, २ कायम काळे पिक्सेल आणि ५ उपपिक्सेलांचे दोष एवढी सवलत होती. १९२० × १०८० च्या स्क्रीनला हे गणित लावले तर अनुक्रमे सुमारे ४, ४ आणि १० असे आकडे येतात. पुढे २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ या मानकाने घेतली, परंतु वर्गांची कल्पना कायम राहिली.

मानक हे उत्पादकाने स्वीकारायचे असते आणि त्याने कोणता वर्ग स्वीकारला आहे हे त्याच्या वॉरंटीच्या मजकुरात शोधावे लागते. काही कंपन्या काही महागड्या मालिकांसाठी एकही उजळ पिक्सेल खपवून घेत नाहीत. काहींच्या धोरणात ठराविक संख्येखालील दोष सरळ नाकारले जातात. काही ठिकाणी मध्यभागातील दोषाला कडेच्या दोषापेक्षा अधिक वजन असते. उजळ ठिपका काळ्यापेक्षा अधिक खुपतो, म्हणून उजळ ठिपक्यांची मर्यादा अनेकदा कडक असते. तुमच्या मॉडेलच्या नावासह पिक्सेल धोरण असा शोध घेतल्यास हा मजकूर बहुधा सापडतो. सापडला नाही तर कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

लाखो पिक्सेलांतील एक बिघडला तर कंपनी तो दोष मानत नाही, म्हणजे ग्राहकानेही मानू नये, असा अर्थ यातून काढण्याचे कारण नाही. ही मर्यादा वॉरंटीपुरती आहे. विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीत तिचा आधार घ्यावाच लागेल असे नसते आणि पुढचा प्रश्न त्याविषयीच आहे.

९. तक्रार दुकानदाराकडे करावी की कंपनीकडे?

हे दोन वेगळे दरवाजे आहेत आणि पहिला लवकर बंद होतो. विक्रेत्याकडे वस्तू परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत ठरावीक दिवसांची असते आणि काही अटींवर, कधीकधी तर कारण न सांगताही, त्या मुदतीत संपूर्ण लॅपटॉप परत देता येतो. कंपनीची वॉरंटी दीर्घ असते, परंतु तिच्यात बहुधा दुरुस्ती मिळते, नवी वस्तू नव्हे. शिवाय तेथे पिक्सेलांची मोजणी लागू होते.

त्यामुळे मुदत शिल्लक असेपर्यंत विक्रेत्याकडेच जावे. विक्रेता अनेकदा सांगतो की आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून दोष असल्याचे पत्र आणा. काही विक्रेत्यांच्या अटींतच तसे लिहिलेले असते आणि मग ते करावे लागते. मात्र ही अट त्याच्याकडून लेखी घ्यावी आणि आपण मुदतीच्या आत तक्रार नोंदवली आहे याचा तक्रार क्रमांक आधी मिळवावा. सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्यांत दहा दिवस जातात आणि परत आल्यावर मुदत संपल्याचे ऐकावे लागते, ही या विषयातली सर्वाधिक आढळणारी फसगत आहे. ऑनलाइन खरेदीत ‘परत’, ‘बदल’ आणि ‘तंत्रज्ञाची भेट’ हे तीन वेगवेगळे पर्याय असू शकतात. कोणता पर्याय आपल्या वस्तूला लागू आहे हे खरेदीच्या पानावर पाहावे. याशिवाय ग्राहक म्हणून कायद्याने मिळणारे हक्क देशोदेशी वेगळे असतात आणि दुकानातील पाटीमुळे ते संपत नाहीत.

१०. तक्रारीत काय लिहावे आणि फोटो कसे काढावेत?

तक्रार थोडक्यात आणि नेमकी असावी. ‘स्क्रीन खराब आहे’ या वाक्याला ‘सेटिंग रीसेट करून पाहा’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी मॉडेल, सीरियल क्रमांक, खरेदीची तारीख, दोष प्रथम दिसल्याची तारीख, दोषाचे नाव, त्याची जागा आणि आपली मागणी एवढे लिहावे. उदाहरणार्थ : ‘स्क्रीनच्या मध्यापासून सुमारे तीन सेंटिमीटर डावीकडे एक उपपिक्सेल कायम हिरवा आहे. काळ्या, लाल आणि निळ्या पार्श्वभूमीवर तो स्पष्ट दिसतो. स्क्रीनशॉटमध्ये तो येत नाही. परतीची मुदत चालू असल्यामुळे लॅपटॉप बदलून मिळावा.’ शेवटचे वाक्य गाळू नये. मागणी न लिहिल्यास दुरुस्ती हीच मागणी गृहीत धरली जाते.

फोटो काढताना फोन एखाद्या आधारावर ठेवावा, ठिपक्यावर फोकस करून एक्स्पोजर स्थिर करावे आणि एक फोटो जवळून व एक संपूर्ण स्क्रीन दिसेल असा लांबून घ्यावा. ठिपक्याशेजारी कागदाचा छोटा बाण धरल्यास पाहणाऱ्याला शोधावे लागत नाही. फोटोत लहरींसारखी नक्षी किंवा व्हिडिओत सरकणारे काळे पट्टे दिसले तर घाबरू नये. ती कॅमेऱ्याची जाळी आणि स्क्रीनची जाळी, तसेच दोघांचा वेग, यांची परस्परांशी होणारी गल्लत असते. डोळ्यांना दिसत नसेल तर तक्रारीतही घालू नये.

११. रंग वेगाने बदलणारे व्हिडिओ किंवा ॲप लावून स्टक पिक्सेल दुरुस्त होतो का?

कधीकधी होतो. अडकलेल्या उपपिक्सेलला सतत बदलते संकेत मिळाल्याने तो पुन्हा नीट प्रतिसाद देऊ लागल्याची उदाहरणे आहेत, पण त्याची खात्री कोणालाच देता येत नाही आणि पूर्ण काळ्या डेड पिक्सेलवर या उपायाचा सहसा उपयोग होत नाही. करून पाहायचे असल्यास चमकणारी खिडकी फक्त ठिपक्यापुरती लहान ठेवावी, एक-दोन तास चालू द्यावी आणि स्वतः तिच्याकडे पाहत बसू नये. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने ज्यांना अपस्माराचा झटका येऊ शकतो अशा व्यक्तीच्या समोर हे मुळीच करू नये.

क्रम मात्र पाळावा : आधी तक्रार नोंदवावी, मग उपाय करावा. ठिपका गेलाच तर तक्रार मागे घेता येते.

१२. कापडाने हलके दाबून किंवा चोळून ठिपका जातो असे ऐकले आहे. करून पाहू का?

नव्या लॅपटॉपवर करू नये. लॅपटॉपचे पॅनेल पातळ असते आणि एका पिक्सेलवर नेम धरून दाब देणे बोटाला शक्य नाही. शेजारचे हजारो पिक्सेल त्याच दाबाखाली येतात. एका ठिपक्याच्या जागी दाबाचा डाग आला, तर दोष मोठा होतोच, शिवाय तो तुम्ही केलेला ठरतो आणि वॉरंटीही हातची जाते. ओएलईडी स्क्रीनवर, म्हणजे जिचे पिक्सेल स्वतःच प्रकाश देतात अशा स्क्रीनवर, या उपायाला काही अर्थच नाही, कारण तेथे हलवायला द्रवस्फटिक नसतातच.

१३. सर्व्हिस सेंटर पॅनेल बदलून देण्यास तयार आहे. ते स्वीकारावे की नव्या लॅपटॉपचा आग्रह धरावा?

परतीची मुदत चालू असेल, तर माझा कौल नव्या लॅपटॉपच्या बाजूने आहे. अगदी नवी वस्तू पहिल्याच आठवड्यात उघडली जाण्यात तोटा आहे : चौकटीच्या खाचा सैल होणे, झाकणावर ओरखडा येणे, नव्या पॅनेलखाली धूळ अडकणे हे सर्व घडू शकते. मुदत संपलेली असेल, तर पॅनेल बदलणे हा चांगला उपाय आहे आणि तो नाकारू नये. अनेक लॅपटॉपमध्ये हे काम तासा-दोन तासांचे असते. टचस्क्रीनच्या किंवा काच चिकटवलेल्या मॉडेलमध्ये झाकणाचा संपूर्ण वरचा भागच बदलावा लागतो.

स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. बसवले जाणारे पॅनेल नवे आहे की दुरुस्त केलेले? रिझोल्यूशन, रीफ्रेश रेट आणि रंगक्षमता मूळ पॅनेलइतकीच आहे का? एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या पुरवठादारांची पॅनेल वापरली जातात, त्यामुळे हा प्रश्न वाटतो तेवढा आगाऊ नाही. तिसरे म्हणजे बदललेल्या भागावर किती वॉरंटी आहे? लॅपटॉप परत घेताना प्रश्न ४ मधील तपासणी तेथल्या तेथे करावी आणि मगच सही करावी.

१४. लॅपटॉप देण्यापूर्वी त्यातील माहितीचे काय करावे?

वस्तू परत करायची असेल तर माहितीची प्रत काढून घ्यावी, सर्व खात्यांतून बाहेर पडावे आणि लॅपटॉप फॅक्टरी रीसेट करावा. ॲपलच्या लॅपटॉपवर ‘फाइंड माय’ (हरवलेले उपकरण शोधण्याची सोय) बंद करण्यास विसरू नये. केवळ दुरुस्ती असेल तर प्रत काढणे पुरेसे असते. पॅनेल बदलताना साठवणीला हात लागत नाही, तरीही तंत्रज्ञासाठी वेगळे तात्पुरते खाते बनवून द्यावे आणि स्वतःचा पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय, आपोआप चालू झालेले असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना, हे लॅपटॉप देण्यापूर्वीच पाहावे.

१५. ‘हा बाहेरच्या दाबामुळे झालेला दोष आहे’ असे सांगून तक्रार फेटाळली. आता काय?

प्रथम स्वतःशी प्रामाणिक तपास करावा. कळफलकावर पेन, इअरफोन किंवा धान्याचा दाणा राहून झाकण बंद झाले होते का? कॅमेऱ्यावर सरकते झाकण चिकटवले आहे का? मिटलेल्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कळफलक यांच्यातील फट फारच कमी असते; कॅमेऱ्यावरील आवरण ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नसावे, असे ॲपलने आपल्या लॅपटॉपसाठी सांगितले आहे ते त्यामुळेच.

असे काहीच घडले नसेल, तर नकार लेखी मागावा आणि त्यात दाबाची नेमकी कोणती खूण दिसली ते नोंदवण्यास सांगावे. एकट्या पिक्सेलचा दोष दाबाने होतो, हे म्हणणे सहसा टिकत नाही. काचेला तडा, शाईसारखा पसरलेला डाग किंवा एका बिंदूतून फुटलेल्या रेघा असतील तर मात्र तंत्रज्ञाचे म्हणणे खरे असण्याचा संभव मोठा आहे. खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ आणि पहिल्या दिवशीचे फोटो येथे उपयोगी पडतात. ते नसतील तर पहिल्या तक्रारीची तारीख हाच पुरावा.

१६. आज एकच ठिपका आहे. तो वाढत जाईल का?

एलसीडीवरील एकटा डेड किंवा स्टक पिक्सेल शेजाऱ्यांना ‘लागण’ करत नाही. तो ट्रान्झिस्टर तेवढाच बिघडलेला असतो. वर्षानुवर्षे एकच ठिपका राहिलेले लॅपटॉप पुष्कळ आहेत. वाढतात ते इतर दोष : रेघा, तडा, त्यातून पसरणारा काळा डाग आणि ओएलईडीमध्ये हवा किंवा ओलावा शिरल्यामुळे कडेने वाढणारे काळे भाग. पहिल्या महिन्यातच दुसरा आणि तिसरा ठिपका आला तर संपूर्ण पॅनेलविषयीच शंका घ्यावी आणि मागील तक्रारीच्या क्रमांकासह नवी तक्रार करावी.

१७. माझा लॅपटॉप ओएलईडी आहे. वरील सर्व त्यालाही लागू होते का?

बरेचसे होते, पण बॅकलाइट नसल्याने प्रश्न ५ मधील ब्लीड आणि ग्लो येथे संभवत नाहीत. दिसलेच, तर पॅनेल खरोखर ओएलईडी आहे का, हे तपासावे. अगदी गडद करड्या रंगावर दिसणारे सौम्य पट्टे आणि टचस्क्रीनच्या मॉडेलमध्ये पांढऱ्यावर जाणवणारा बारीक रवाळपणा ही या तंत्राची आणि स्पर्शथराच्या जाळीची वैशिष्ट्ये मानली जातात. एकाच जागी कायम राहणाऱ्या चित्राची छाया उमटणे हा मात्र खरा दोष असून तो नव्या लॅपटॉपमध्ये आढळला, तर ती वस्तू आधी वापरलेली किंवा दुकानात मांडलेली होती का, हे विचारावे. मिनी-एलईडी स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीतील पांढऱ्या अक्षरांभोवती दिसणारे वलय हा दोष नाही. तेथे बॅकलाइट विभागांत पेटतो आणि एक विभाग अनेक पिक्सेलांना प्रकाश पुरवतो.

१८. लॅपटॉप सवलतीत, उघडलेल्या खोक्यातील किंवा नूतनीकृत म्हणून घेतला आहे. तक्रार करता येईल का?

विक्रीच्या वेळी जे दोष लेखी सांगितले होते त्यांविषयी नाही. जे सांगितले नव्हते त्यांविषयी होय. वर्णनात दिलेली प्रतवारी आणि तिची व्याख्या जपून ठेवावी. काही विक्रेते ‘उत्तम’ प्रतीतही थोडे पिक्सेल दोष गृहीत धरतात आणि तसे बारीक अक्षरांत लिहितात.

१९. बदलून आलेल्या लॅपटॉपवरही दोष निघाला. किती वेळा बदलावा?

आधीच्यापेक्षा नवा दोष मोठा आहे की लहान, हे पाहावे. दुसऱ्या वेळीही ठळक दोष असेल तर पुन्हा बदल मागण्याऐवजी पैसे परत मागून वेगळे मॉडेल पाहणे शहाणपणाचे आहे, कारण त्या खेपेतील पॅनेलची जुळणीच सैल असू शकते. परंतु पहिला लॅपटॉप कोपऱ्यातल्या एका काळ्या ठिपक्यासाठी परत केला आणि दुसऱ्यात मध्यभागी उजेडाचा डाग निघाला, असेही घडते. बदल मागताना ही सोडत आहे हे लक्षात ठेवावे; आणि शक्य असेल तेथे दुसरा लॅपटॉप तपासल्यावरच पहिला हातचा सोडावा.

२०. ठिपका परतीची मुदत संपल्यावर दिसला. सर्व मार्ग बंद झाले का?

नाही. वॉरंटी चालू आहे. प्रश्न ८ मधील धोरण पाहून दोष त्याच्या मर्यादेत बसतो का ते ठरवावे आणि बसत नसेल तर पॅनेल बदलून मागावे. मर्यादेत बसत असेल, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने दोष नसेल, तरी तक्रार नोंदवून ठेवावी. पुढे ठिपके वाढले तर सुरुवात कधी झाली याची नोंद राहते. अपघाती नुकसानीची वेगळी योजना घेतली असली, तरी कारखान्यातील दोषासाठी तिचा वापर करू नये. काही योजनांत मोफत दुरुस्तीची संख्या मर्यादित असते.

२१. बिल दुसऱ्याच्या नावावर आहे, लॅपटॉप भेट मिळाला आहे. अडचण येईल का?

वॉरंटी बहुधा सीरियल क्रमांकाशी जोडलेली असते, त्यामुळे बिलाची प्रत पुरते. परतीचे पैसे मात्र मूळ खरेदीदाराकडेच जातात, म्हणून परतीची विनंती त्यांनीच करावी.

२२. एकच ठिपका आहे आणि बदलण्याचा खटाटोप नको वाटतो. ठेवून घेतला तर चूक होईल का?

चूक मुळीच नाही. पण निर्णय मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी, जाणीवपूर्वक घ्यावा. कडेचा काळा ठिपका मजकुरात हरवून जातो आणि आठवडाभरात तो शोधावा लागतो. मध्यभागातील हिरवा किंवा लाल ठिपका गडद रंगांत काम करणाऱ्याला, छायाचित्रे किंवा व्हिडिओ संपादित करणाऱ्याला सतत टोचतो. अशांनी बदलूनच घ्यावा. ठेवून घेण्याचे ठरवल्यास विक्रेत्याकडे किमतीत अंशतः परतावा मागून पाहावा. काही विक्रेते वस्तू परत घेण्यापेक्षा ते पत्करतात. असा परतावा स्वीकारल्याने वॉरंटीतील हक्क सोडत नाही, हे त्याच पत्रात लिहून घ्यावे आणि ठिपक्याच्या जागेचा एक फोटो बिलासोबत ठेवावा, म्हणजे पुढेमागे विकताना घेणाऱ्याला तो आपणहून दाखवता येईल.